रबर ते रबरच

उस्तादांच्या घरचा फ्रिज सात महिने कमरेला पट्टा बांधून उभा होता. पट्टा म्हणजे त्यांच्या बायकोच्या शिवणकामातलं रुंद इलॅस्टिक. दाराच्या खालच्या कोपऱ्यातलं रबर फाटून लोंबत होतं, दार नीट लागत नव्हतं, वरच्या कप्प्यात बर्फाचं पोट सुटलं होतं आणि मागचं यंत्र दिवसभर घरघरत होतं. परक्या माणसानं पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, या बिचाऱ्यांना फ्रिज दुरुस्त करणारा कोणी मिळत नसावा. मिळत होता. तो रोज दोन वेळा त्याच घरात जेवत होता.

तीस वर्षं उस्ताद फ्रिज दुरुस्त करत आले होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका दाराचं दुकान होतं. गॅस भरणं, तारा बदलणं, खडखडणारं यंत्र गप्प करणं, यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता आणि हे सांगण्यात मागे हटणारेही ते नव्हते. गिऱ्हाइकाला ते "येतो" म्हणत आणि खरोखर जात. घरी मात्र ते "बघतो" म्हणत. नळ गळतो? बघतो. पंखा कुरकुरतो? बघतो. फ्रिजचं रबर फाटलं? "बघतो, रविवारी." सात महिन्यांत तीस रविवार येतात, आणि उस्तादांनी ते सगळे पोटभर झोपून काढले.

त्यांची बायको कपडे शिवायची. खिडकीपाशी तिचं मशीन होतं आणि उसवलेल्या, घट्ट झालेल्या, लांब पडलेल्या कपड्यांचा ढीग बाजूला कायम असायचा. ती फारशी बोलायची नाही. बोलायचं काम उस्ताद करत. आज कुठल्या घरी काय बिघडलं होतं आणि ते आपण कसं झटक्यात ओळखलं, हे ते रोज जेवताना साग्रसंगीत सांगत. ती "हं" म्हणत वाढायची. ऐकत असेल असं काही उस्तादांना वाटायचं नाही, आणि त्यानं त्यांचं काही अडतही नव्हतं.

एके दिवशी संध्याकाळी ते घरी आले, पाण्याची बाटली काढायला फ्रिजपाशी गेले आणि सवयीनं इलॅस्टिक सोडवायला हात घातला. इलॅस्टिक नव्हतं. त्यांनी दार ओढलं तर दार येईना. मग 'चप्' असा आवाज करून आलं. त्यांनी ते सोडलं तर शेवटच्या बोटभर अंतरावर आपसूक ओढलं जाऊन बसलं. पांढरंशुभ्र नवं कोरं रबर चारही बाजूंनी चिकटलं होतं.

आपल्या घरात दुसरा मेकॅनिक येऊन गेला! भरदुपारी, आपण दुकानात असताना! पुलापलीकडचा तो तेलकट केसांचा तर नसेल? बायकोला काही विचारायच्या आधी त्यांनी गुडघे टेकले आणि त्या अज्ञात माणसाच्या कामात खोड काढायला सुरुवात केली.

आता इथं थोडं उस्तादांच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं. ते डाव्या वरच्या कोपऱ्यापासून रबर खाचेत दाबायला सुरुवात करत आणि दाबत दाबत दाराला पूर्ण फेरी घालत. चौथ्या कोपऱ्याशी पोचेपर्यंत रबर हमखास बोटभर उरायचं. मग ते दामटून बसवायचं, गरम हवा मारायची, आणि तरी फुगवटा राहिलाच तर गिऱ्हाइकाला सांगायचं, "चौथा कोपरा आठ दिवसांत आपोआप बसतो." तीस वर्षं हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की चौथा कोपरा हा देवानंच तसा बनवला आहे अशी त्यांची खात्री होती. म्हणून ते आता या दाराचा चौथा कोपरा शोधत होते. वरचे दोन पाहिले, खालचे दोन पाहिले. चारही सपाट बसले होते. कुठून सुरू केलं आणि कुठं संपवलं, काही पत्ताच लागेना.

मग त्यांनी खिशातून पावतीचा कागद काढला. कागद दारात धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढायचा. सुळकन आला तर रबर ढिलं, अडकत अडकत आला तर घट्ट. त्यांनी वर ओढला, खाली ओढला, बिजागरीच्या बाजूनं ओढला. तिथं तर तो फाटलाच.

"कोणाला बोलावलं होतंस?" त्यांनी शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं.

"कोणाला नाही. मीच बसवलं." मशीन चालूच होतं.

"तू?"

"मापाची टेप होतीच घरात. बाजारात जाऊन रबर आणलं. घडीवर घडी घालून दिलं होतं, म्हणून गरम पाण्यात टाकून सरळ केलं. बिजागरीकडं थोडं व्हॅसलिन लावलं. तुम्हीच तर सांगता जेवताना."

"आणि कोपरे?"

"ते तुम्ही सांगता तसं नाही केलं." ती म्हणाली. "गादीची खोळ शिवताना आम्ही आधी चारी कोपरे पक्के करतो. मग चार बाजूंचे मध्य. उरलेलं मग वाटून द्यायचं. सारखं वाटलं की कुठंच जमा होत नाही."

पुलापलीकडचा तेलकट माणूस असता तर बरं झालं असतं. त्याला चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. बायकोनं, कात्री-सुईवालीनं, एका दुपारच्या कामात आपला चौथा कोपरा गायब केला, याचं करायचं काय? त्या दिवशी जेवताना त्यांनी कुठल्याच फ्रिजची गोष्ट सांगितली नाही.

गोष्ट तिथंच थांबती तर उस्तादांनी ती गिळलीही असती. पण खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, पाणी प्यायल्या, दाराचा तो 'चप्' आवाज ऐकून हरखल्या आणि म्हणाल्या, "आमचंही बसवून दे ना गं." तिनं दिलं. काकूंनी बहिणीला सांगितलं, बहिणीनं शेजारणीला. दोन महिन्यांत तिनं अकरा दारं केली. मशीनशेजारच्या कपड्यांच्या ढिगाजवळ आता रबरांच्या पांढऱ्या गुंडाळ्या दिसू लागल्या. जिन्यात लोक तिला "रबरवाल्या ताई" म्हणू लागले.

उस्तादांचा जळफळाट होऊ लागला. स्वतःशी ते कबूलही करत, की होय, मला बघवत नाही. पण कबूल केल्यानं ते कमी होईना. ते काकूंकडे काही ना काही निमित्त काढून जात, एकदा पक्कड मागायला गेले, एकदा परत करायला, आणि काकूंची पाठ वळली की खिशातला कागद फ्रिजच्या दारात धरून ओढत. दर वेळी कागद अडकत अडकत यायचा. एकदा काकूंनी पाहिलं.

"काय करताय हो?"

"काही नाही, झुरळ गेलं आत." काकूंनी मग सगळा फ्रिज रिकामा करून पुसला आणि उस्तादांना तिथून काढता पाय घेता येईना.

खरा घाव दुकानात बसला. त्यांचंच जुनं गिऱ्हाईक, वीस वर्षांचं, दारात उभं राहून म्हणालं, "उस्ताद, रबर बदलायचं होतं. तुम्ही नका त्रास घेऊ, गुडघे दुखतात तुमचे. वहिनींनाच पाठवा." वर हसून म्हणालं, "त्यांचा चौथा कोपरा लगेच बसतो म्हणे."

उस्तादही हसले. हसताना त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

त्याच आठवड्यात तिला मास्तरीणबाईंचं काम आलं. मास्तरीणबाई म्हणजे दोन रस्ते सोडून राहणाऱ्या, शाळेतून कधीच निवृत्त झालेल्या, एकट्या बाई. त्यांचा फ्रिज त्यांच्या नोकरीइतका जुना होता. त्यात त्या स्वतःच्या इन्सुलिनच्या बाटल्या ठेवत आणि दार ढिलं झाल्यापासून त्यांना घोर लागला होता. पाहून आल्यावर ती उस्तादांपाशी आली. कामाविषयी तिनं त्यांना विचारण्याची ही पहिली आणि एकुलती एक वेळ.

"अहो, त्यांच्या दाराला खाच नाहीये. रबराच्या खाली सगळीकडून स्क्रूच स्क्रू आहेत. जुन्या दाराला काही वेगळं करावं लागतं का?"

उस्ताद वर्तमानपत्र वाचत होते. जुन्या दाराला काय करावं लागतं हे ते झोपेतही सांगू शकले असते. ते स्क्रू रबर तर धरतातच, पण दाराचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्राही तेच एकत्र धरतात. ते नुसते सैल करायचे, एकही काढायचा नाही, आणि रबर सरकवून घालायचं. सगळे काढले की दार पिळवटतं, एक कोपरा बाहेर येतो, आणि मग वरून लाखाचं रबर बसवा, दार लागत नाही. हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि पेन्सिल अगदी ते स्वतः अडकवत तशी.

"रबर ते रबरच," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

तिनं मान डोलावली. तिचा विश्वास बसला होता. का बसू नये? तीस वर्षं हेच काम केलेला माणूस सांगत होता.

दुसऱ्या दिवशी उस्ताद दुकानात बसले खरे, पण एका यंत्राला त्यांनी दोनदा उलटी तार जोडली. आता ती स्क्रू काढत असेल. आता दार पिळवटलं असेल. आता तिला घाम फुटला असेल आणि आपली आठवण झाली असेल. सुरुवातीला त्यांना गुदगुल्या झाल्या. दुपारपर्यंत त्या ओसरल्या आणि नुसती तगमग उरली. संध्याकाळ व्हायची वाट न पाहता त्यांनी शटर ओढलं.

घरी मशीन बंद होतं. ती खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्याशी नजर मिळवायला नको म्हणून उस्ताद पाण्याच्या निमित्तानं फ्रिजपाशी गेले. दार 'चप्' करून उघडलं. दारातल्या कप्प्यात, लोण्याच्या शेजारी, इन्सुलिनच्या चार बाटल्या ओळीत उभ्या होत्या. त्यांना रबरबँड लावून एक चिठ्ठी अडकवली होती. सुरेख, शाळेतल्या फळ्यावर असावं तसं अक्षर होतं: 'रोज सकाळी डोस घ्यायला येईन. तसदीबद्दल क्षमस्व.'

उस्तादांना पाणी प्यावंसं वाटेना. सत्तरीची बाई आपल्यामुळे रोज दोन रस्ते ओलांडून, तीन मजले चढून औषध घ्यायला येणार होती, आणि वर तीच क्षमा मागत होती.

"बिघडलं माझ्या हातून," ती मागून म्हणाली. "स्क्रू काढले आणि दार पिळल्यासारखं झालं. वरचा कोपरा दोन बोटं बाहेर आलाय. चार तास झटले. नाही झालं. आता त्यांना मी नवा फ्रिज कुठून आणून देऊ?"

"नवा कशाला," उस्ताद दाराकडे तोंड करूनच म्हणाले. "दोघं लागतात त्याला. एकानं दार उलटं पिळून धरायचं, दुसऱ्यानं स्क्रू आवळायचे. चल."

"आत्ता?"

"आत्ता."

मास्तरीणबाईंचं स्वयंपाकघर लहान आणि लख्ख होतं. भिंतीला टेकून उभा असलेला फ्रिज वाकड्या तोंडानं पाहत होता. उस्तादांनी सवयीनं स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढं केला. तिनं तो दिला नाही.

"तुम्ही धरा," ती म्हणाली. "ताकदीचं काम तुमचं. स्क्रू मी आवळते."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. खरोखरच दार धरायला ताकद लागते, आणि ती तिच्यात नव्हती. उस्तादांनी दार उघडलं, वरचा कोपरा दोन्ही हातांनी आत रेटला, खालच्या कोपऱ्यामागं दुखरा गुडघा लावून तो बाहेर ढकलला, आणि दाराला मिठी मारल्यागत उभे राहिले.

"हे कोण?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"आमचे हे."

"असं, असं. हेही करतात का फ्रिजचं?"

"करतात ना," ती स्क्रू आवळत म्हणाली.

"बरं असतं हो, घरातलंच कोणी हाताखाली असलं म्हणजे."

उस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दार सोडलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं, म्हणून ते दात आवळून उभे राहिले. "वरचा डावा घेतलास? आता खालचा उजवा घे," ते पुटपुटले. "एका ओळीत नको आवळू. समोरासमोरचे घे. पहिल्या फेरीत निम्मेच आवळ." ती ऐकत होती आणि तसं करत होती. नव्या रबराचे चारी कोपरे तिनं आधीच चोख बसवून ठेवले होते. इतक्या जवळून उस्तादांना दुसरं काही दिसतच नव्हतं.

"बाई, तुमचा फार खोळंबा झाला," शेवटचा स्क्रू झाल्यावर ती मास्तरीणबाईंना म्हणाली. "माझी चूक. मला जुन्या दाराचं माहीत नव्हतं. मी विचारायला हवं होतं कोणाला तरी."

उस्तादांनी दार सोडलं. विचारायला हवं होतं कोणाला तरी, असं म्हणाली ती. त्यांच्यासमोर, परक्या बाईच्या देखत, तिनं त्यांना वाचवलं होतं. म्हणजे तिला कळलं होतं.

त्यांनी कागद काढला आणि दाराच्या चारी बाजूंनी ओढून पाहिला. अडकत अडकत आला. मास्तरीणबाईंनी टाळी वाजवली, दोघांनाही सरबत दिलं, आणि बाटल्या आज रात्री तिकडेच राहू देत, फ्रिज थंड झाला की सकाळी नेते, असं सांगितलं.

परतताना रस्त्यात उजेड होता. दुकानं उघडी होती, मुलं सायकली फिरवत होती. त्यांनी पहिला रस्ता ओलांडला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

उस्तादांना 'विसरलो' म्हणता आलं असतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं. "होतं," ते म्हणाले.

"मी विचारलं होतं."

"होय."

"त्या म्हाताऱ्या बाईचं औषध होतं आत."

उस्तादांनी आवाज चढवला. "हे बघ, धंद्यात असंच चालतं! मला कोणी शिकवलं का हातात धरून? पुलापलीकडच्याला विचार, तो सांगेल का मला काही? कुठलाच मेकॅनिक आपलं कसब दुसऱ्या मेकॅनिकला सांगत नसतो!"

ती थांबली. ते दोन पावलं पुढं गेले आणि मग त्यांनाही थांबावं लागलं. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. ते मागं घेता येण्यासारखं नव्हतं, आणि खोटंही नव्हतं.

"दुसऱ्या मेकॅनिकला," ती सावकाश म्हणाली. चेहऱ्यावर राग होता, अजून बराच होता, पण त्याच्या आड आणखीही काही होतं. पेन्सिल अजून कानावरच होती. तिनं ती काढली नाही, उलट बोटानं नीट सारली आणि चालू लागली.

उस्ताद मागोमाग निघाले. दुसरा रस्ता ओलांडला. जिना आला. उस्तादांचा गुडघा ठणकत होता, म्हणून ती पायरी पायरीवर थांबत होती, पण मागं वळून पाहत नव्हती. तिसऱ्या मजल्यावर, दारापाशी, उस्तादांनी धीर केला. तीस वर्षांत त्यांनी कामाविषयी कोणाला काही विचारलं नव्हतं.

"ते कोपऱ्यांचं," ते म्हणाले. "आधी चारी कोपरे, मग मध्य, आणि उरलेलं वाटायचं म्हणतेस ना. ते वाटायचं कसं? मला एकदा दाखवशील?"

तिनं कुलपात किल्ली घातली.

"बघते," ती म्हणाली. "रविवारी."

उस्ताद उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्या शब्दात किती रविवार मावतात, हे त्यांच्याइतकं त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.